ठंडी मावशीची जीभ

ठंडी मावशी स्वतः केलेलं कधी चाखत नसे. साठ माणसांचं गोड करायची, चार मोठे डबे भरून फ्रीजमध्ये ठेवायची, पण बोट काही जिभेला लावायची नाही. लोकांना याचं फार कौतुक होतं. मला नव्हतं. मी तिला तोंडावर विचारायची, "अगं, साखरेच्या जागी मीठ पडलं असेल तर?"

"देवाच्या आधी मी खाऊ? मीठ पडलं तर त्याला कळेल."

"त्याला कळून काय उपयोग? तो वाटी परत पाठवत नाही."

मग ती माझ्याशी तासभर बोलायची नाही. तेवढ्या वेळात दोघींचं काम भराभर व्हायचं.

तिचं खरं नाव पत्रिकेत आणि रेशनच्या कागदावर असेल तेवढंच. आम्ही बऱ्हाणपूरची माणसं घरात मराठी बोलतो, दारात हिंदी, आणि पोरं दोन्हीची खिचडी करतात. ती जे गोड करायची त्याला पोरं 'मावशीची ठंडी मिठाई' म्हणायची. पुढे मिठाई गळाली आणि मावशीच ठंडी झाली. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान, समोरच्या घरातली. माझी मुलं मावशी म्हणायची, त्यांचं ऐकून मीही म्हणू लागले.

त्या मिठाईत काही विशेष नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. चहाची गोल बिस्किटं, गार दूध, चक्का, साय, पिठीसाखर, वेलची आणि फळं. चूल नाही, गॅस नाही. चक्का आणि साय साखर घालून फेटायची. बिस्किटं दुधात बुडवून डब्याच्या तळाशी लावायची, त्यावर फेटलेलं, त्यावर फळांच्या फोडी, पुन्हा बिस्किटं. असे तीन थर. मग चार तास फ्रीज. तिच्या नवऱ्याच्या साहेबांची बायको होती, तिनं शिकवलं होतं. नवरा तहसिलीत कारकून. त्यानं गल्लीतला पहिला फ्रीज घेतला आणि नंतर चार वर्षांत गेला. मूलबाळ नाही. फ्रीज राहिला, मावशी राहिली.

कृती सगळ्या बायकांना पाठ होती, पण बिस्किटाशी सगळ्या फसायच्या. दुधात जास्त राहिलं की त्याचा लगदा होतो, कमी राहिलं की खाताना कडकड वाजतं. मावशी म्हणायची, "राम म्हण आणि काढ. सीताराम म्हणालीस की गेलं." मी तीस वर्षं तिच्या शेजारी बसून बिस्किटं लावली. इतका राम मी देवळात म्हटला नसेल.

गॅस लागत नाही म्हणून कोणी या कामाला सोपं म्हटलं की तिला राग यायचा. "गॅस पेटवला की तो स्वयंपाक. तो बायका रोज करतात. मी करते तो कार्यक्रम असतो," ती म्हणायची. आणि खरंच ती कार्यक्रमासारखी तयार व्हायची. डोक्याला फडकं, काकणं वर सारलेली, खोलीचं दार बंद. आत फक्त मी, कारण मी बोलत असले तरी हात थांबत नाहीत.

चाखत नव्हती तरी तिचं बिघडायचं नाही, त्याचं कारण तिचं नाक. माहेर दापोऱ्याचं. भावाच्या मळ्यातून केळीचा हिरवा घड यायचा, तो ती धान्याच्या रिकाम्या कोठीत ठेवायची. बाजारातल्या पिवळ्या केळ्याला हात लावायची नाही. "त्यांना मारून मुटकून पिवळं केलंय," म्हणायची. कोठीचं झाकण उघडून नाक आत घालायची आणि सांगायची, "उद्या नको. परवा." परवाच ती केळी बरोबर असायची. चक्क्याचं फडकं सोडलं की वासावरून सांगायची की आज आंबट आहे, साखर वाढव. आंबा तर ती देठाशी हुंगून बाजूला काढायची, फळवाला हात जोडायचा, "मावशी, पूरी टोकरी सूंघोगी क्या?" ती म्हणायची, "हां." आणि पुढचा आंबा उचलायची.

तिला बोलवायचं तर घरी येऊन सांगावं लागे. फोनवर सांगितलं तर ती करायची नाही. कोणाची तरी सून यायची, दारात चप्पल काढून म्हणायची, "मावशी, परसों पिंकूचा बर्थडे आहे, तीस जण होतील, तुम्ही पाहिजेतच." मावशी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची, जसं काही तिचे दिवस भरलेलेच आहेत. मग म्हणायची, "बघते." सून गेली की मला हाक, "सुमन, परवा मोकळी आहेस ना?" मी मोकळी नसले तरी मोकळी असायची.

वाढायला ती स्वतः उभी राहायची. वाटी हातात देऊन समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायची. मी म्हणायची, "लोकांना धड खाऊ दे, असं टक लावून काय बघतेस?" ती म्हणायची, "पहिल्या चमच्याला माणसाला खोटं बोलता येत नाही. दुसऱ्यापासून येतं."

हे सगळं कशासाठी ते मला माहीत होतं. ती पुतण्याच्या घरात खालच्या खोलीत राहायची. पुतण्या वाईट नाही. त्याची बायको रजनीही वाईट नाही, शाळेत शिकवते, दमून येते. दोन वेळचं ताट वेळेवर यायचं, औषध यायचं. पण घरात पडदे कोणते लावायचे, त्यांच्या मुलीला, गुड्डीला, कुठल्या कॉलेजात घालायचं, हे तिला कोणी विचारायचं नाही. तिला विचारायचे ते फक्त मिठाईचं. बोलावणं आलं की ती तीन दिवस ताठ चालायची. बोलावणं नसलं की पाठ वाकायची. मी समोरच्या ओट्यावर बसून तिची पाठ बघून सांगू शकत असे की कोणाकडे काही आहे की नाही.

मग ती तापाची मोठी साथ आली. गल्लीतले दोघं गेले. मावशी वाचली. तीन आठवड्यांनी बाहेर आली ती अर्धी होऊन. पण आली, आणि सगळं सुरू झाल्यावर पहिला वाढदिवस लागला तेव्हा तिला बोलावणं गेलं.

वैशाखाचे दिवस होते. मी तिच्या खोलीचं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबले. आत नासलेल्या दुधाचा वास भरला होता. ती मात्र डोक्याला फडकं बांधून पाटावर बसली होती, समोर त्या दुधाचं पातेलं, हातात बिस्किट.

"अगं, दूध गेलंय," मी म्हटलं. "वास येत नाही का?"

तिनं पातेल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"दार लाव," ती म्हणाली.

मी दार लावलं. तिनं सांगितलं, तापापासून वास नाही आणि चव पण नाही. सकाळचा चहा आणि गरम पाणी तिला सारखंच लागतं. डॉक्टर म्हणाला होता येईल परत, थांबा. सात महिने झाले होते.

"कोणाला सांगितलंस?"

"तुला. आत्ता."

"रजनीला?"

"तिला सांगितलं की गल्लीला कळेल. मग कोण बोलावेल?" तिनं बिस्किट परत पुड्यात ठेवलं. "सुमन, हे गेलं ना, तर मग मी नुसती खालच्या खोलीतली म्हातारी. रोज दोन ताटं संपवायची, बास."

मी दुसरं दूध आणलं. मग चक्का फेटून झाला तेव्हा तिनं देवाची वाटी भरून बाजूला ठेवली, हात जोडले, आणि पातेल्यातला एक चमचा माझ्यापुढे धरला. "त्याचं झालं. आता तू चाख."

"मला शुगर आहे. तुला माहीत आहे."

"एका चमच्यानं कोणी मरत नाही."

"देवाला आधी थर लावलेलं द्यायचीस. आता नुसतं कालवलेलं?"

"त्यानं माझ्याकडे कधी बिस्किट मागितलं नाही. चाख."

मी चाखलं. साखर कमी होती. सांगितलं. तिनं टाकली. अशी मी तिची जीभ झाले. दोन वर्षं. एक चमचा म्हणून म्हणायचं, पण कालवलेलं वेगळं, आंब्याचं वेगळं, आणि वाढायच्या आधी डबा काढला की पुन्हा एक चव, अशा तीन-चार चमच्यांशिवाय सुटका नसायची. घरी मशीननं बोट टोचलं की माझा मुलगा आकडा बघून ओरडायचा, "आई, काय खातेस तू?" मी म्हणायची, "हवा." आयुष्यभर मी कोणाला खोटं सांगितलं नव्हतं, म्हणून त्याला ते खरं वाटायचं.

मी चव सांगायची ती अशी: आंबट आहे. वेलची फार झाली. आंब्याला रेषा आहेत. बिस्किट भिजलं नाही. मावशी चिडायची, "एकदा तरी बरं म्हण गं." मी म्हणायची, "बरं असतं तर म्हटलं असतं." मला तसंच येतं. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे मी, मला गोड बोलायचं कोणी शिकवलं नाही.

दरम्यान बोलावणी कमी झाली होती. पोरांना दुकानातला केक हवा असतो, त्यावर फोटो छापून मिळतो. महिन्याला चार कार्यक्रम होते ते एकावर आले. आणि मग गुड्डीचा साखरपुडा ठरला. मुलगा जळगावचा. गल्लीतच मांडव घालायचं ठरलं, ऐंशी माणसं.

रजनी म्हणाली, "काकी, इतक्या लोकांचं टेन्शन नका घेऊ. हम बाहर से मंगवा लेंगे ना. आइस्क्रीम ठेवू."

मावशी म्हणाली, "घरातली एकच मुलगी. तिच्या साखरपुड्याला माझे डबे नसतील, तर मी खोलीतच बसते. लोकांना सांग मला ताप आहे."

रजनीनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं पंख्याकडे बघितलं. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. पण पाइनॅपल टाका त्यात. आजकाल सबको वही चाहिए. केळी वगैरे नका टाकू, जळगावचे लोक आहेत, केळी बघून बघून कंटाळलेत."

त्यात तिचं चुकलं नव्हतं. मावशीनं मात्र खोलीत येऊन मला सांगितलं, "हे नीट झालं तर पुढचं वर्ष निघेल. ऐंशी लोक खातील. नाही झालं तर हे शेवटचं."

अननस आम्ही दोघींनी जन्मात मिठाईत घातला नव्हता. आमच्याकडे पिकत नाही. रजनीनं चार आणून दिले. मी ते सोलले, बोटं चुरचुरली. मावशीनं सवयीनं एक फोड नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. सकाळी सहाला आम्ही चक्का फेटून त्यात अननसाच्या फोडी कालवल्या. देवाची वाटी निघाली. मी चाखलं. "आंबट आहे. साखर घाल." घातली. पुन्हा चाखलं. "अजून थोडी." घातली. मग थर लावले, सहा डबे झाले, तिच्या फ्रीजमध्ये दोन, वर रजनीकडे दोन, माझ्याकडे दोन.

त्या दिवशी सकाळी मशीननं माझा फार मोठा आकडा दाखवला होता. मुलगा बोलला, सून बोलली, नातूसुद्धा बोलला. मी पहाटे पाचपासून पायावर होते. दुपारी चारला मावशी म्हणाली, "सुमन, दुसरी चव बघून ये. मी साडी नेसते."

मी माझ्या घरी आले, फ्रीज उघडला, डब्याचं झाकण काढलं. वरून छान दिसत होतं, पांढरं, घट्ट, पिवळ्या फोडी ओळीनं. हातात चमचा होता. मी तिथेच खुर्चीवर बसले. पाय दुखत होते, जीभ कोरडी पडली होती, आणि मला आयुष्यात पुन्हा एक चमचाही गोड नको होतं. सकाळी दोनदा चाखलं आहे, फ्रीजमध्ये त्याला काय होणार, असा विचार केला. झाकण लावलं.

परत जाऊन मी म्हटलं, "छान झालंय."

ती निऱ्या घालत होती. क्षणभर थांबली. मग म्हणाली, "बरं."

साखरपुडा नीट झाला. अंगठ्या झाल्या, फोटो झाले. मग मावशी डब्यांच्या मागे उभी राहिली, निळ्या साडीत, ताठ. मी वाट्या देत होते. पहिली वाटी मुलाच्या आईला. तिनं चमचा तोंडात घातला आणि मावशी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

बाईचं तोंड आक्रसलं. लगेच तिनं ते सरळ केलं. "छान आहे हं," म्हणाली आणि वाटी खुर्चीखाली ठेवली. दुसरी वाटी, तिसरी वाटी. तोंडं सगळ्यांची तशीच. कोणी काही म्हणत नव्हतं, आणि खुर्च्यांखाली वाट्या जमत होत्या. शेवटी मुलाचा आजोबा होता, खेड्यातला साधा माणूस, तो मोठ्यानं म्हणाला, "कडू लागतंय हो हे."

मी वाटीतलं बोटानं चाखलं. कडू होतं. औषधासारखं.

रजनीनं चाखलं. तिचं तोंड लाल झालं. आमचा दूधवाला मांडवातच होता, पंचवीस वर्षांचा घरोबा, आहेर घेऊन बायकोबरोबर आला होता. रजनी सगळ्यांदेखत त्याच्यावर गेली. "भैया, आज के दिन भी? कैसा दूध दिया तुमने?"

तो उभा राहिला. "भाभी, ताज़ा था. सुबह का. मैं खुद लाया."

"तो फिर ये क्या है? मेहमानों के सामने नाक कटवा दी!"

त्याची बायको खाली बघू लागली. आणि मावशी डब्यांमागून पुढे आली.

"त्याला बोलू नकोस," ती म्हणाली. "दूध चांगलं होतं. मला चव येत नाही. वास पण येत नाही. तापापासून. इतकी वर्षं नाकावर चालवलं, मग नाक गेलं तरी करत राहिले. माझी चूक आहे."

ती दूधवाल्याकडे वळली. "बेटा, माफ करना." तो म्हणाला, "मावशी, आप क्यों..."

मी तिथेच होते. हातात वाट्यांची चळत. सबंध गल्लीत तोंडावर बोलणारी बाई म्हणून मी प्रसिद्ध. मला म्हणायचं होतं, चार वाजता मी चाखायला गेले होते आणि चाखलं नाही. चारला कळलं असतं तर बाजारातून मावा जलेबी आणता आली असती, अर्ध्या तासाचं काम. मी तोंड उघडलं नाही. वाट्या गोळा करून नळाखाली घातल्या.

त्यानंतर तिला कोणी बोलावलं नाही. कोणी वाईटही बोललं नाही. उलट बायका येऊन म्हणायच्या, "मावशी, बहुत किया तुमने, आता आराम करा." आराम म्हणायला सगळ्यांना बरं वाटत होतं. रजनी तर जास्तच चांगली वागू लागली, डॉक्टर बदलला, फळं आणून द्यायची. मावशी खायची, म्हणायची काही नाही. पाठ वाकली ती वाकलीच. मी रोज जायची, अर्धा तास बसायची. त्या दिवसाचं नाव दोघीही काढायचो नाही. कडू का झालं तेही आम्हाला माहीत नव्हतं.

ते चार महिन्यांनी कळलं. बाजारात एका फळवालीकडे अननस दिसला. मी सहज म्हटलं, याच्यानं आमचं एकदा वाटोळं झालं. ती म्हणाली, "दूध-दही में कच्चा डाला था? अम्मा, वो तो कड़वा होगाच. पहले शक्कर में उबालते हैं." पुढे म्हणाली की लगेच कळत नाही, दोन-तीन तासांनी कडूपणा चढतो.

मी भाजी न घेता परत फिरले. तिच्या खोलीत जाऊन चप्पलसुद्धा न काढता सांगितलं, "तुझी चूक नव्हती. अननस कच्चा चालत नाही. उकळावा लागतो. आपल्याला माहीत नव्हतं."

ती खाटेवर बसली होती. म्हणाली, "असं का. बघ म्हणजे. शेवटपर्यंत शिकायचंच असतं."

तेवढ्यावर मला जाता आलं असतं. पण मी बसले. म्हटलं, "मावशी, सकाळी ते कडू नव्हतं. चारला कडू झालं असणार. आणि चारला मी चाखलं नाही. मी नुसतं झाकण काढून बघितलं आणि तुला खोटं सांगितलं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू छान म्हणालीस. दोन वर्षांत तू कधी छान म्हणालीस का? नुसतं आंबट आहे, कमी आहे, फार आहे. तू छान म्हणालीस तेव्हाच कळलं की ही चाखून आलेली नाही."

मला राग आला. स्वतःचा येण्याऐवजी तिचाच आला. "मग तेव्हा का नाही बोललीस? मला परत पाठवायचं होतंस! जलेबी आणली असती!"

"दमले होते गं," ती म्हणाली. "तू पण दमली होतीस. तुझ्या पायाकडे बघितलं मी. आणि म्हटलं, एकदा तरी छान ऐकायला मिळालं, असू दे."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायला बघत होतं, ती सुरू होत नव्हती. मग मावशीनं खाटेखालचं झाकलेलं ताट ओढलं. रजनी शाळेत जाताना ठेवून गेली होती. वांग्याची भाजी, भाकरी, कांदा.

"मला काय खातेय ते कळत नाही," ती म्हणाली. "डोळे मिटले तर भाकरी आणि पुठ्ठा एकच. तू रोज या वेळेला येत जा. एक घास खा आणि सांग कसं आहे. खरं सांगायचं. छान म्हणालीस तर हाकलून देईन."

मी घास घेतला. "भाजीला तेल सुटलंय. तिखट चढं आहे. भाकरी सकाळची नाही, कालची आहे."

"वांगं कसलं? काटेरी की साधं?"

"साधं. बिया झाल्यात."

ती जेवली. निम्म्यापेक्षा जास्त जेवली. दुसऱ्या दिवशी मी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. वर्षभर रोज दुपारी मी तिच्या ताटातला एक घास खाल्ला आणि नावं ठेवली. रजनीला ते आधी आवडलं नाही. मग तिनं बघितलं की म्हातारी जेवते आहे, तेव्हा गप्प बसली.

मागच्या माघात मावशी गेली. शेवटचे आठ दिवस फक्त वरण-भात घ्यायची, तोही दोन घास. त्यातल्या एका दुपारी मी गेले तेव्हा रजनी ताट घेऊन दारातच होती, शाळेला सुट्टी होती तिला. मी उशाशी बसले, भात कालवला, एक घास तोंडात घातला.

"खारट आहे," मी म्हटलं. "फार. वरणात मीठ दोनदा पडलंय."

रजनी माझ्यामागे उभी होती. तिनं ऐकलं. "द्या, दुसरं आणते," म्हणाली आणि ताटाला हात घातला.

मावशीनं ताट धरून ठेवलं. तिच्या हातात जोर नव्हता, तरी सोडलं नाही. ती हसत होती. "राहू दे," म्हणाली, "कसं आहे ते कळलं मला." आणि सगळा भात खाल्ला.